बावीस नंबरचं अबू सिंबेल

श्री

एर्लांगेन, ११ मे २०२५, रविवार

बाबा,

फेब्रुवारीत तू म्हणालास, "तोंड उघडता येत नसेल तर लिहून दे मला!" आणि दार आपटून नेकारसुल्मला तुझ्या कामावर निघून गेलास. रागात म्हणालास हे कळतं मला, पण मी खरंच लिहून देतेय. फक्त तीन महिने लागले. फोनवर मला जमत नाही. तू "हं, बोल" म्हणतोस आणि मला काय बोलायचं होतं ते तिथेच संपतं.

मराठीत लिहितेय, कारण जर्मनमध्ये लिहिलं तर तू आधी ग्रामाटिक तपासशील. इथे चुका दिसल्या तर दोष तुझा. पुण्यात चौथीपर्यंत तूच माझा अभ्यास घ्यायचास.

तर ऐक. आमच्याकडे इजिप्त आलंय! अख्खं! एका लाकडी पेटीतून!

मी मार्चपासून फ्राऊ केस्लरच्या वर्कशॉपमध्ये प्राक्टिकुम करतेय, म्हणजे काम शिकतेय, हे आईने सांगितलं असेलच. "फ्रेमच्या दुकानात बसवलीस पोरीला," असं तू आईला म्हणालास तेही मला कळलं. समर्थ सगळं सांगतो. (दहा वर्षांचा आहे आणि बातम्या फक्त जर्मनमधून देतो.) पण बाबा, ते दुकान नाहीये. फ्राऊ केस्लर जुन्या फ्रेम दुरुस्त करते, नवीन बनवते, त्यांच्यावर सोन्याचा वर्ख लावते. वर्ख म्हणजे आपल्या मिठाईवर असतो तसाच, पण इतका पातळ की कोणी नुसता श्वास सोडला तरी उडतो. म्हणून वर्ख लावताना वर्कशॉपमध्ये कोणी बोलायचं नाही असा नियम आहे. नियम, बाबा! जिथे तोंड बंद ठेवलं की शाबासकी मिळते अशी जागा मला सापडलीये! आठवतं ना, शाळेत माझे म्युंडलिशचे मार्क? पेपरात एक-दोन, म्हणजे उत्तम, आणि तोंडी पाच, म्हणजे नापास. हात वर केला नाही की पाच. इथे मी पहिल्या दिवशी चार तास काही बोलले नाही तर फ्राऊ केस्लर म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. अशीच राहा."

तर ती पेटी. शहरातल्या एका छोट्या म्युझियमची. आत बावीस चित्रं, सगळी वॉटरकलर, ब्रेंडेल नावाच्या माणसाची. इथल्याच जवळच्या गावचा होता. १८६१मध्ये हा रंगांची डबी घेऊन निघाला आणि नाईल नदीवर सहा महिने बोटीतून फिरला. देऊळ दिसलं की बोट थांबवायची, वाळूत स्टूल टाकायचं, आणि सुरू. जुलैमध्ये त्या चित्रांचं प्रदर्शन आहे, आणि सगळ्यांना नवीन फ्रेम, नवीन पासपार्टू आम्ही करायचाय. पासपार्टू म्हणजे चित्राभोवती असतो तो जाड पांढरा पुठ्ठा, मधे खिडकी कापलेला. त्या खिडक्या मी कापणार. पंचेचाळीस अंशात!

एका चित्रात एक देऊळ पाण्यात उभं आहे, खांबांचे पाय ओले. एकात शेताच्या मधोमध दोन राक्षसाएवढे दगडी राजे बसलेत, आणि एकाच्या गुडघ्यावर पक्षी. आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात त्याने कुठेतरी एक माणूस काढलाय, एवढुसा, तांदळाच्या दाण्याएवढा. का सांग? मोजमाप कळावं म्हणून! तुम्ही गाड्यांच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्केल लिहिता ना, तसंच. मला तर पहिल्यांदा तूच आठवलास.

फेब्रुवारीचं म्हणशील तर, आईने त्या फॉर्मवर सही केली म्हणून मी शाळेतून निघाले. झालं ते झालं. आईवर किती दिवस रागावणार आहेस?

आई विचारतेय, डबा करतोस का नुसतं ब्रेड खातोस.

शमिका

ता.क. वर श्री लिहिलाय तो सवयीने. कागद समोर आला की हात आधी तेच करतो.

* * *

श्री

एर्लांगेन, २५ मे २०२५

बाबा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे मिळालं.

आधी वाईट बातमी. मला प्रचंड ओरडा बसला. आणि तो तुझ्यामुळे बसला.

बावीस पासपार्टू कापायचे होते. म्युझियमचा स्पेशल पुठ्ठा, त्यात अजिबात ॲसिड नाही, चित्राला शंभर वर्षं काही होणार नाही असा. मी एकेक घेतला, माप टाकलं, कापला. काय भारी कापलेत, कोपरे बघशील तर बोटं फिरवत बसशील! शुक्रवारी फ्राऊ केस्लरने एक उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं.

"शमिका, हे तू लिहिलंस?"

वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने श्री. बाबा, मला आठवतसुद्धा नाही कधी लिहिला! तू नाही का शिकवलंस, नवी वही असो, नवं पेन असो, आधी श्री काढायचा, पेन चालतंय का तेही कळतं आणि सुरुवातही चांगली होते. तिने दुसरा उचलला. श्री. तिसरा. श्री. बावीसच्या बावीस.

"याचा अर्थ काय?"

मला दुसरा शब्दच सुचेना. म्हटलं, "आनफांग." म्हणजे सुरुवात.

"सुरुवात करायची तर रद्दीच्या डब्यातल्या कागदावर कर," ती म्हणाली. "आपण इथे होतो हे कुणाला दिसता कामा नये. हे आपलं काम आहे."

मी दिवसभर खोडत बसले. आणि गंमत सांगू? खोडलं तरी जात नाही. पेन्सिल जाते, पण दिवा आडवा धरला की पुठ्ठ्यावर दाबलेलं दिसतं. फ्राऊ केस्लर बराच वेळ तसा दिवा धरून बघत होती. मला वाटलं आता घरी पाठवते. मग पट्टी घेऊन मोजायला लागली. एक, दोन, पाच. आणि म्हणाली, "आल्झो. सगळे कडेपासून बरोबर नऊ मिलिमीटरवर आहेत. न मोजता. जी मुलगी बावीस वेळा तीच चूक त्याच जागी करते, तिचा हात कामाचा आहे."

आता चांगली बातमी. बाबा, तिने मला आउसबिल्डुंगची जागा दिलीये! तीन वर्षं, एक सप्टेंबरपासून, फेरगोल्डर म्हणून, वर्ख आणि फ्रेमचं पूर्ण शिक्षण, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट! कोणीतरी मला ठेवून घेतंय! मी सायकलवरून घरी येताना पूर्ण रस्ता गाणं म्हणत होते, मोठ्याने, कधी ऐकलंयस मला?

फेरट्राग, म्हणजे करार, सोबत जोडलाय. मी सतरा वर्षांची असल्यामुळे शेवटच्या पानावर सहीसाठी तीन रेघा आहेत. एक माझी, एक आईची, एक तुझी. आईने सही केलीये. मी विचारलं, एक नसली तर चालेल का. फ्राऊ केस्लर म्हणाली, "दोघांचीही हवी. एक पालक मागून येऊन मुलीला उचलून नेतो, असं माझ्याकडे एकदा झालंय." पंचवीस जुलैपर्यंत तिला कागद परत हवाय. नंतर ती जागा दुसऱ्या मुलाला जाईल, तो बामबेर्गचा आहे आणि त्याचे आईवडील दोघं सही करायला तयार आहेत.

बाबा, प्लीज. मी कधी काही मागत नाही.

शमिका

* * *

श्री

एर्लांगेन, १५ जून २०२५

बाबा,

मेच्या शेवटी हिमेलफार्टच्या सणाला तुम्हाला चार दिवस सुट्टी होती. गुरुवारची, मग शुक्रवारचा ब्र्युकनटाग, म्हणजे मधली जोडसुट्टी, मग शनिवार-रविवार. आईने पुरणाची डाळ शिजवली होती. तू आला नाहीस. समर्थ म्हणाला, बाबाला बहुतेक नवीन गाडी टेस्ट करायची असेल. आई म्हणाली, हो, असेल. मग आम्ही तिघांनीच पोळ्या खाल्ल्या. आई तुझ्याबद्दल काही बोलत नाही. वाईट पण नाही, चांगलं पण नाही.

ते राहू दे. मला तुला एक सांगायचंय आणि तुझ्याशिवाय हे कोणाला कळणार नाही!

जुने पासपार्टू काढायचं काम चालू आहे. ते दीडशे वर्षांपूर्वीचे, पिवळे, ठिसूळ. प्रत्येक चित्राच्या कडा त्यांच्याखाली झाकलेल्या होत्या. चाकू घालून हळूच उचलायचं. पहिला उचलला, तर खाली कागदाच्या डाव्या कडेला निळे डाग. फ्राऊ केस्लर म्हणाली, ब्रश सांडला असेल, नवीन पासपार्टूखाली जातील. दुसऱ्यालाही डाग. तिसऱ्यालाही.

बाबा, डाग असे एकसारखे पडतात का? तीन आडव्या रेघा, आणि तिसरीच्या शेवटी वर वळलेली शेपटी. मांजर बसल्यावर शेपटी वळवते ना, तशी. दरवेळी डाव्या कडेला, दरवेळी आकाशाच्या उंचीवर!

मी तिथे चाकू हातात धरून उभी, आणि मला एकदम हसायला आलं. तो श्री काढतोय! म्हणजे श्री नाही, पण तेच! आकाशाचा निळा कालवला, ब्रश बुडवला, आणि आधी कडेला मारून बघितला. पाणी जास्त आहे का, रंग बरोबर आहे का. त्याला आठवतही नसेल त्याने केलं म्हणून. इजिप्तच्या उन्हात, वाळूत बसून, समोर एवढी मोठी देवळं, आणि हा गडी प्रत्येक वेळी न चुकता आधी तीन रेघा आणि शेपटी!

एकवीस चित्रांत एकवीस शेपट्या. मी मोजल्यात. त्याच्याशी मी बोललेच असं वाटतं मला.

आता बावीस नंबर. ते अबू सिंबेल आहे. डोंगरात कोरलेले चार प्रचंड राजे, आणि वाळू त्यांच्या छातीपर्यंत आलेली. एकाचं तर फक्त डोकं बाहेर. मला ते सगळ्यात आवडतं. पण त्यावर ब्रेंडेलची सही नाहीये. बाकी सगळ्यांवर खाली उजवीकडे आहे, यावर नाही. तो तांदळाएवढा माणूसही नाही. म्हणून म्युझियमचा हेर फोगेल (हेर म्हणजे श्रीयुत, मराठीतला गुप्तहेर नव्हे!), जो प्रदर्शन करतोय, तो म्हणतो की हे दुसऱ्या कोणाचं असेल, पेटीत चुकून आलं असेल. ते लावायचं नाही. आणि लावायचंच नाही म्हणून फ्राऊ केस्लर त्याचा जुना पासपार्टूही काढणार नाहीये, तो खळीने चिकटवलेला आहे. तसंच परत द्यायचंय, मग ते कुठल्यातरी कपाटात जाईल.

तुझ्या लक्षात आलं ना? त्या पासपार्टूखाली शेपटी असली तर?

सांग की मग, असं तू म्हणशील. दहा दिवस झाले. रोज सकाळी सायकलवर वाक्य तयार करते. "फ्राऊ केस्लर, माझ्या मते." माझ्या मते! माझं मत कोण विचारतंय, प्राक्टिकुमवाली मी, शाळा सोडलेली, पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिणारी. ती समोर आली की मी म्हणते, "गुटन मॉर्गन" आणि झाडू घेते.

फेरट्राग बघितलास का?

शमिका

* * *

श्री

एर्लांगेन, ३ जुलै २०२५

बाबा बाबा बाबा,

मी बोलले!!

काल. सदतीस डिग्री होतं, वर्कशॉपची सगळी दारं उघडी. हेर फोगेल व्हॅन घेऊन आला, पहिली दहा चित्रं न्यायला. उंच, घामाने भिजलेला, घाईत. कागदावर खुणा करत होता, एक, दोन, तीन. मग त्याने बावीस नंबर उचललं, एका राखाडी फाइलमध्ये घातलं, आणि फाइलवर लिहिलं, "अज्ञात." फाइलची नाडी बांधायला लागला.

आणि मी ओरडले, "हाल्ट!"

अरे, म्हणजे केवढ्याने! स्टेशनवर पोलीस ओरडतात तसं. हेर फोगेलच्या हातातून पेन पडलं. फ्राऊ केस्लर वर्ख लावत होती, तिच्यासमोरचं अख्खं पान उडून दिव्याला चिकटलं. दोघं माझ्याकडे बघतायत. आणि बाबा, पुढे काहीच येईना. कान गरम. मला शाळा आठवली, सगळे वळून बघतात तो क्षण, मग टीचर म्हणणार "ठीक आहे शमिका, राहू दे" आणि वहीत पाच लिहिणार.

पण फ्राऊ केस्लर "राहू दे" म्हणाली नाही. ती म्हणाली, "आता माझं सोनं उडवलंच आहेस तर बोल."

मी टेबलावरचा पॅकिंगचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि काढलं. तीन रेघा आणि शेपटी. हातात पेन्सिल आली आणि काय झालं कोण जाणे, तोंड पण चालू झालं. मी सांगितलं की हे एकवीसच्या एकवीस कागदांवर आहे, डाव्या कडेला, आकाशाच्या उंचीवर, हा त्याचा ब्रश बघण्याचा प्रकार आहे, हे डाग नाहीत, असे डाग पडत नाहीत. सही माणूस आठवणीने करतो, कधी विसरतो, पण हे विसरता येत नाही कारण हे करताना त्याला माहीतच नसतं. मला कसं कळलं? कारण मी पण करते!

"ती करते," फ्राऊ केस्लर म्हणाली. "मी मोजलंय."

हेर फोगेलने रुमालाने मान पुसली. "तरुण बाई," तो म्हणाला, मला! "आम्ही तिघा एक्स्पर्ट लोकांना दाखवलं होतं हे चित्र."

"पासपार्टू काढून?" मी विचारलं.

बाबा, मी विचारलं! उद्धटपणे नाही, खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्याने फाइलची नाडी सोडली आणि चित्र फ्राऊ केस्लरच्या टेबलावर ठेवलं. "बरं, ठीक. शुक्रवारपर्यंत."

म्हणजे उद्या. आज दिवसभर आम्ही ओला टिपकागद ठेवून खळ मऊ करतोय. थोडा ठेवायचा, उचलायचा, बघायचं. घाई केली तर कागद फाटेल. फ्राऊ केस्लरने मला घरी जा सांगितलं, नाहीतर मी तिथेच बसून राहिले असते. म्हणून तुला लिहितेय. उद्या कळेल!

रात्री पोस्टात नाही टाकत, उद्याचं लिहूनच टाकते.

४ जुलै. आहे!!! पण पूर्ण नाही. कागदाची डावी कड कोणीतरी कधीतरी कापलीये, सरळ करायला. त्यामुळे पहिली रेघ गेली. दोन रेघांचे अर्धे तुकडे, आणि शेपटी. शेपटी पूर्ण आहे, बाबा! वर वळलेली! हेर फोगेल भिंग घेऊन वीस मिनिटं बघत होता. मग म्हणाला, कापलेल्या कडेवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण चित्र लागेल. सत्तावीस तारखेला, बाकीच्यांबरोबर. लेबलवर लिहिणार, "ब्रेंडेल, वार्शाइनलिश." म्हणजे बहुतेक.

मला आयुष्यात कोणी पूर्ण शब्दानेही दिला नसेल एवढा आनंद या 'बहुतेक'ने दिलाय.

तुझी शमिका

* * *

श्री

एर्लांगेन, १३ जुलै २०२५

बाबा,

हे पत्र छोटं आहे आणि पाचव्यांदा लिहितेय.

तुझी सही अजून आली नाही. आई म्हणाली, मी बोलू का त्याच्याशी. मी नको म्हटलं. कारण तिने माझ्यासाठी एकदा आधीच केलंय, आणि ते तुला माहीत नाही.

शाळा सोडायचा फॉर्म फेब्रुवारीत मी आणला होता. आई म्हणाली, "बाबाला विचारल्याशिवाय मी पेन लावणार नाही." मी खोलीत जाऊन फोन कानाला लावला. तुला लावलाच नाही. पाच मिनिटं नुसता धरला आणि बाहेर येऊन सांगितलं, "बाबा हो म्हणाला." तिने सही केली.

मग तू घरी आलास, शाळेचं पत्र वाचलंस आणि तिला विचारलंस, "मला एकदा विचारावंसंही वाटलं नाही तुला?" तेव्हा आईला कळलं. तिने माझ्याकडे एक सेकंद बघितलं. मी मान खाली घातली. आणि ती तुला म्हणाली, "नाही वाटलं."

एवढंच. पाच महिने ती तेच निभावतेय. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की आईने सही केली, झालं ते झालं. ते इतकं सहज लिहिलं याची आता लाज वाटते.

मी एका चित्रकारासाठी "हाल्ट" ओरडले, जो मरून दीडशे वर्षं होतील. त्या दिवशी घरात मला एवढंच करायचं होतं.

त्याच्यावर 'अज्ञात' लिहिलेलं मला एक मिनिटही सहन झालं नाही. तुमच्या दोघांचं मी पाच महिने सहन केलं.

सही कर म्हणून हे लिहीत नाहीये. नाही केलीस तरी समजेन. आईला फोन कर फक्त.

शमिका

* * *

श्री

एर्लांगेन, २५ जुलै २०२५, शुक्रवार

बाबा,

मंगळवारी आईचा फोन वाजला आणि ती बाल्कनीत गेली. चाळीस मिनिटं. समर्थने काचेला नाक लावून बातमी दिली की ती आधी रडली, मग तुझ्यावर ओरडली, मग हसली. आत आल्यावर मला एक चापट मारली, डोक्यात, हळू, आणि म्हणाली, "कुकर लाव." मला आजपर्यंत बसलेली सगळ्यात भारी चापट आहे ती.

आणि आज सकाळी, शेवटच्या दिवशी, पाकीट!

आत चिठ्ठी नाही. एक ओळ नाही. नुसता फेरट्राग. मी जिन्यातच बसले आणि शेवटचं पान उघडलं. तिसऱ्या रेघेवर तुझी सही.

तशीच सायकल हाणत वर्कशॉपला गेले. फ्राऊ केस्लरने चष्मा लावला, सही बघितली, मग पान उजेडात धरलं. तिची सवय. आणि थांबली.

"शमिका, इकडे ये. हे काय आहे?"

डाव्या कडेला, वर. आधी निळ्या पेनाने गोल गोल गिरवलंय, शाई न आल्यामुळे नुसता ओरखडा. त्याच्या खाली काळ्या पेनाचे दोन गोल. आणि त्याखाली, एवढुसा, श्री.

मी पट्टी घेतली. कडेपासून नऊ मिलिमीटर.

"आनफांग," फ्राऊ केस्लर म्हणाली. मी काही न सांगता! मग तिने खोडरबर उचलला, जरा थांबली आणि परत ठेवला. "शाई आहे. निघायची नाही." पेन्सिल असती तरी तिने खोडलं नसतं. मला माहितीये.

मग मी दिवा आडवा धरला आणि नीट वाचलं, जसं ब्रेंडेलचं वाचते. पेन चाललं नाही तेव्हा तू उठलास, दुसरं शोधलंस, परत बसलास. पहिल्या पेनालाच सोडून दिलं असतंस, चालत नाही म्हणाला असतास, तर कोणी काही म्हटलं नसतं. सहीखाली तू तारीख घातलीयेस. तुमच्याकडे ड्रॉइंगवर घालायची सक्ती असते, तशी.

तीस मे.

मी तीनदा वाचलं. पाकिटावरचा शिक्का परवाचा आहे. आणि सही तीस मेची. ब्र्युकनटाग! आम्ही इथे पोळ्या खात होतो, आणि तू तिथे एकटा बसून दोन पेनं बदलून, श्री काढून, सही करून मोकळा झाला होतास. शेपटीच्या आधी. "हाल्ट"च्या आधी. सगळ्याच्या आधी. आठ आठवडे तो कागद तुझ्याकडे सही होऊन पडला होता आणि तुला पाकिटात घालता आला नाही.

मला वाटायचं, आयत्या वेळी तोंड न उघडण्याचं हे मी आईकडून घेतलंय.

बाबा, परवा अकरा वाजता उद्घाटन आहे. आई निळी साडी नेसणार आहे. समर्थला मोजे शोधून ठेवायला सांगितलंय. हेर फोगेल भाषण करणार आहे आणि त्यात माझं नाव घेणार आहे. मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. बावीस नंबर आतल्या खोलीत आहे, डाव्या भिंतीवर. फ्राऊ केस्लरने त्याच्या पासपार्टूची खिडकी मला मोठी कापायला लावली, म्हणजे कड दिसते. शेपटी दिसते. येणाऱ्या प्रत्येकाला.

तू सकाळी लवकर निघ. रविवारी ऑटोबानवर ट्रक नसतात. आणि तिथे दारात उभा राहून, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, याचा विचार करत बसू नकोस. मी आत असेन, तू दिसलास की येईन.

आधी मी बोलेन.

तुझी शमिका